न विचारता उचललेले फळ : दुकानातील उचलेगिरी आणि अस्तेय

मोठ्या बाजारात फळांच्या विभागापाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. द्राक्षांच्या ढिगाजवळ कोणी येतो, एक मणी तोडून तोंडात टाकतो. आंबट की गोड एवढेच पाहायचे असते. मग दुसऱ्या ढिगातला एक मणी, तुलनेसाठी. पुढे सुक्या मेव्याच्या खोक्यातले दोन बेदाणे मुलाच्या हातावर जातात. द्राक्षे न घेताच माणूस पुढे सरकतो. त्याला आपण चोर म्हणणार नाही, आणि तो स्वतःला तर मुळीच म्हणणार नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात अशाच एका फळाची गोष्ट आहे. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, दोघेही तपस्वी. बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम होते. एकदा लिखित शंखाच्या आश्रमात गेला. शंख बाहेर गेला होता. झाडाला फळे पिकली होती, लिखिताने ती तोडली आणि निवांत बसून खाऊ लागला. शंख परतला आणि त्याने विचारले, फळे कुठून आणलीस? लिखित हसत म्हणाला, इथूनच की. शंख म्हणाला, ही चोरी झाली. राजाकडे जा, केलेले सांग आणि दंड माग.

लिखित खरोखरच राजा सुद्युम्नाकडे गेला. राजा गडबडला. दंड देण्याचा अधिकार राजाला असेल तर क्षमेचाही आहे, असे सांगून त्याने ऋषीला सोडून द्यायची तयारी दाखवली. लिखित ऐकेना. शेवटी त्या काळच्या नियमाप्रमाणे त्याचे हात तोडले गेले. तो भावाकडे परतला. शंखाने त्याला नदीत तर्पण करायला पाठवले, तेव्हा हात पूर्ववत झाले. मग लिखिताने विचारले, तुझ्या तपात एवढे सामर्थ्य होते, तर तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की, तुला दंड देणारा मी नव्हे, ते राजाचे काम.

कथेतील शिक्षा आज कोणालाही कठोर वाटेल, आणि ती तशी आहेच. पण फळांचा मालक सख्खा भाऊ होता, मागितली असती तर त्याने आनंदाने दिली असती, हे लिखितालाही ठाऊक होते. तरीही प्रश्न उरतो : दिली होती का?

अस्तेयाचा सूक्ष्म अर्थ या प्रश्नातच आहे. पतंजलींनी पाच यमांत अस्तेय ठेवले. जैन परंपरेने चोरीची व्याख्याच ‘अदत्तादान’ अशी केली, म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. बौद्धांच्या पंचशीलातील दुसरे शीलही याच शब्दांत आहे. या व्याख्येत वस्तूची किंमत कुठेच येत नाही. मालक श्रीमंत की गरीब हेही येत नाही. भाजीवाली स्वतःहून द्राक्षाचा मणी पुढे करते आणि म्हणते, ‘चाखून बघा ताई’, तो दिलेला मणी आहे. मोठ्या दुकानात देणारे कोणी समोर नसते, आणि तिथेच घोटाळा होतो.

हात पोहोचेल तिथे माल

पूर्वीच्या वाण्याच्या दुकानात माल आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये गल्ला होता. आपण यादी वाचायची, दुकानदाराने काढून द्यायचे. आजही गावोगावी, आणि शहरांच्या गल्लीबोळांत, असेच चालते. ही पद्धत मोडली ती १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात. क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले, ज्यात गिऱ्हाइकाने स्वतः फिरून टोपलीत माल घ्यायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. आत शिरायला फिरते फाटक होते आणि वाट अशी आखलेली की सगळ्या मालासमोरून गेल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये.

या व्यवस्थेचा हेतू उघड आहे. वस्तू हातात आली की ती हवीशी वाटते. यादीत नसलेली चार बिस्किटांची पुडकी आपण घरी आणतो ती याच कारणाने. पण जी मांडणी गिऱ्हाइकाला जास्त विकत घ्यायला लावते, तीच एखाद्याला खिशात घालायलाही लावते. मधला गल्ला गेला आणि त्याच्याबरोबर देणारा माणूसही गेला. आता घेणे आणि घेऊन जाणे यांच्यामध्ये केवळ घेणाऱ्याचे मन उरले. म्हणून उचलेगिरी हा पोलिसांइतकाच साधनेचाही विषय आहे.

कोण उचलते आणि स्वतःला काय सांगते

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेरी ओवेन कॅमेरॉन यांनी शिकागोतील मोठ्या दुकानात पकडल्या गेलेल्या लोकांचा अभ्यास करून १९६४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दोन प्रकार दिसले. एक, पोटासाठी चोरी करणारे सराईत. दुसरे, आणि संख्येने कितीतरी जास्त, साधी नोकरी-संसार करणारी माणसे, जी लहानसहान वस्तू स्वतःच्या वापरासाठी उचलत होती. या दुसऱ्या लोकांची गंमत अशी की पकडले जाईपर्यंत त्यांनी स्वतःकडे चोर म्हणून कधी पाहिलेच नव्हते. दुकानाच्या मागच्या खोलीत नाव-पत्ता लिहून घेतला जाऊ लागला तेव्हा कुठे तो शब्द त्यांना लागला. आणि बहुतेकांच्या बाबतीत तेवढे पुरले, ते पुन्हा पकडले गेले नाहीत.

हा निष्कर्ष जरा थांबून वाचण्यासारखा आहे. माणूस आधी स्वतःला एक गोष्ट सांगतो आणि मग हात पुढे करतो. या गोष्टी कोणत्या, याची मांडणी ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोघांनी १९५७ मध्ये केली होती. आपल्या बोलीत त्या अशा ऐकू येतात : ‘एवढ्याने त्यांचे काय बिघडते?’ ‘ते तरी आपल्याला कमी लुटतात का?’ ‘लहान मुलासाठी घेतले, स्वतःसाठी नाही.’ ‘रांग एवढी होती, मी काय करू?’ यांतले एखादे वाक्य आपल्याच घरात, कदाचित वेगळ्या प्रसंगी, म्हटले गेले आहे का, हे आपले आपण तपासावे. कार्यालयातून आणलेले कागद, हॉटेलातून आलेला टॉवेल, रेल्वेतील चादर, बिलात दुकानदाराकडून राहून गेलेली वस्तू. यादी प्रत्येकाची वेगळी असेल.

पहिल्या वाक्याचा हिशेब करून पाहू. समजा किराणा दुकानाला सर्व खर्च वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीमागे तीन रुपये सुटतात. ३०० रुपयांना घेतलेली एक वस्तू गेली, तर तेवढे भरून काढायला त्याला १०,००० रुपयांचा माल जास्तीचा विकावा लागेल. आणि दुकान मोठ्या कंपनीचे असले तरी ती झळ नेहमी कंपनीच्या मालकापर्यंत पोहोचतेच असे नाही. महिन्याअखेर साठा मोजला जातो, तूट निघते, आणि त्या विभागात दिवसभर उभ्या असलेल्या मुलीला जाब विचारला जातो. कायदा असा आहे की कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेला माल त्याच्याच निष्काळजीपणामुळे गेला असेल तर, आणि त्याला बाजू मांडायची संधी दिल्यावरच, पगारातून कपात करता येते. पण ज्याला नोकरी टिकवायची आहे तो किती वेळा बाजू मांडतो? खिशात गेलेल्या लिपस्टिकचे पैसे अनेकदा असे कोणाच्या तरी पाकिटातून जातात, आणि ते पाकीट उचलणाऱ्याच्या पाकिटापेक्षा बारीक असते.

‘तेही लुटतात’ या वाक्यात मात्र थोडे तथ्य असू शकते, ते नाकारू नये. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताला लागणारे दोष सांगताना खोटी वजने-मापे आणि भेसळ यांचाही त्यात समावेश केला आहे, तसाच चोरीचा माल विकत घेण्याचाही. म्हणजे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना एकच नियम. वजनात मारणारा व्यापारी आणि खिशात घालणारा गिऱ्हाईक यांना त्या परंपरेने एकाच पंगतीत बसवले आहे. व्यापाऱ्याविरुद्ध वैधमापन अधिकाऱ्याकडे आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची वाट आहे. खिसा ही ती वाट नव्हे.

इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. काही थोड्या लोकांत वस्तू उचलण्याची ऊर्मी हा आजार असतो. त्याला क्लेप्टोमेनिया म्हणतात आणि मानसरोगांच्या अधिकृत वर्गीकरणांत तो नोंदलेला आहे. गरज नसलेली, कधी तर फेकून दिली जाणारी वस्तू उचलली जाते. आधी ताण वाढत जातो, उचलल्यावर सुटल्यासारखे वाटते, मग लाज घेरते. हा आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्येक उचलेगिरीला हे नाव देणे चूक. पण ज्याला तो आहे त्याला प्रवचनाने गुण येत नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे लागते. तसेच उतारवयात, आयुष्यभर सचोटीने वागलेल्या व्यक्तीने अचानक दुकानातून पैसे न देता वस्तू आणायला सुरुवात केली, तर घरच्यांनी रागावण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागाला बाधा झाली असेल तर, अशी वागणूक हे पहिल्या लक्षणांपैकी एक असू शकते.

दुकान काय करते

१९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात, अॅक्रन शहरात, रॉन असाफ हे एका किराणा दुकानाचे व्यवस्थापन पाहत होते. चोऱ्यांनी त्रासून त्यांनी दारातच चोरी ओळखणारे यंत्र आणायचे मनावर घेतले. त्यातून पुढे ‘सेन्सॉरमॅटिक’ ही कंपनी उभी राहिली. आज कपड्यांच्या दुकानाच्या दारात जे दोन खांब असतात ते या प्रयत्नांतून आलेले. खांबांतून ठराविक कंपनसंख्येच्या लहरी सुटतात, एका पद्धतीत ५८ किलोहर्ट्झ, दुसरीत ८.२ मेगाहर्ट्झ. कपड्याला लावलेल्या टॅगमधील पट्टी किंवा तारेचे वेटोळे त्याच सुरात थरथरते, खांबाला ते कळते आणि भोंगा वाजतो. पैसे दिल्यावर कठीण टॅग चुंबकाने सोडवतात, चिकटवलेला टॅग काउंटरवर निष्क्रिय करतात. विसरले तर पैसे देऊन निघालेल्या माणसासाठीही भोंगा वाजतो.

तसे आपल्या बाबतीत झाले तर मन लगेच पेटते. सगळे वळून पाहतात. अशा वेळी एक दीर्घ श्वास घ्यावा, आत परत जावे, बिल दाखवावे. टॅग विसरणाऱ्या काउंटरवरच्या मुलावर ओरडून अपमान धुतला जात नाही. दारात बिलावर शिक्का मारणाऱ्या रखवालदाराकडेही असेच पाहावे. तो सर्वांचेच बिल पाहतो. चांगले कपडे घातलेल्यांना सोडून साध्या कपड्यांतल्यांनाच अडवत असेल तर मात्र व्यवस्थापकाला तसे लेखी कळवणे योग्य. त्या गरिबाच्या वतीने आपण ते करू शकतो, कारण आपल्याला अडवलेले नसते.

कॅमेरे, आरसे, कुलूपबंद कपाटे, ट्रायल रूमच्या दारात कपडे मोजून देणारी व्यक्ती, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. या व्यवसायातले जाणते लोक मात्र एक जुनाच उपाय फार मानतात : आलेल्या प्रत्येकाकडे पाहून नमस्कार करणे आणि ‘काही शोधताय का?’ असे विचारणे. खऱ्या गिऱ्हाइकाला बरे वाटते. ज्याचा हात चुळबुळत असतो त्याला कळते की आपण दिसलो आहोत. निघून गेलेला देणारा माणूस जणू थोडा वेळ परत येतो.

दंड देणारा मी नव्हे

इंग्लंडमध्ये १६९९ च्या कायद्याने दुकानातून ५ शिलिंग किंवा जास्त किमतीचा माल गुपचूप उचलणाऱ्यास फाशी ठरवली होती. मग ज्यूरीतील माणसांनी काय केले? चोरलेल्या मालाची किंमत मुद्दाम ५ शिलिंगांच्या आत ठरवायची, म्हणजे जीव वाचेल. शिक्षा माणुसकीच्या पलीकडे गेली की भले लोकही खोटे बोलू लागतात. सॅम्युएल रोमिली यांनी १८१० मध्ये ही फाशी रद्द करण्याचे विधेयक आणले. कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केले, पण उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. ती शिक्षा जायला १८२० चे दशक उजाडावे लागले.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, व्यक्ती पहिल्यांदाच दोषी ठरली असेल आणि तिने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. उचलेगिरीची बरीच प्रकरणे किमतीच्या या मर्यादेतच बसतील. परत करण्याला कायद्यानेही एवढे वजन दिले, ही समाधानाची गोष्ट आहे.

आपल्यापैकी काही जण स्वतः दुकान चालवतात, त्यांच्यासाठी हा भाग. पकडलेल्या व्यक्तीला मारहाण करणे, तासन्‌तास खोलीत डांबणे, दहापट ‘दंड’ वसूल करणे, गळ्यात पाटी अडकवून फोटो पसरवणे, यांतले काहीही करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. उलट यांतील प्रत्येक कृती स्वतंत्र गुन्हा ठरू शकते. खासगी व्यक्तीला कोणाला पकडायचे असेल तर गुन्हा डोळ्यांदेखत घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो, आणि पकडल्यावर विनाविलंब, ६ तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावे लागते. अंगझडती घेण्याचा अधिकार रखवालदाराला नसतो. व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर तिची ओळख पसरवणे बालन्याय कायद्याने निषिद्ध आहे. पकडल्या गेलेल्या शाळकरी मुलीचे चित्रण मोबाइलवर फिरले तर त्या रात्री ती घरी काय करेल, हा विचार माल परत मिळण्याच्या कितीतरी आधी यायला हवा. शंख फळांचा मालक होता, तपस्वी होता, मोठा भाऊही होता, तरी त्याने हात उचलला नाही.

मिझोराममध्ये ऐझॉलकडून जाणाऱ्या महामार्गावर, सेलिंग गावाच्या परिसरात, बांबूच्या टपऱ्या दिसतात. भाजी, फळे, कधी सुकी मासळी, कधी रसाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. भाव लिहिलेले असतात, पैशांचा डबा असतो, पण विकणारा नसतो. तो डोंगरउतारावरच्या शेतात कामाला गेलेला असतो. दिवसभर दुकानात बसला तर शेत कोण पाहणार? मिझो भाषेत या दुकानांना ‘न्घाह लो दॉर’ म्हणतात, राखण नसलेली दुकाने. सुटे पैसे लागले तर गिऱ्हाइकाने डब्यातूनच घ्यायचे. आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांची ख्याती आहे, पण तिथे चोराला देवाचा कोप भोगावा लागेल ही श्रद्धा पहारा देते. सेलिंगच्या टपरीवर कोपाचा धाक दाखवणारे कोणी नाही. शेतकऱ्याने वाटसरूला आधीच प्रामाणिक धरलेले असते, आणि वाटसरू तसा वागतो. मुंबईच्या उपनगरात असे दुकान चालेल का? बहुधा नाही. पण सोसायटीच्या जिन्यात वर्तमानपत्रांची किंवा वह्यांची एक छोटी पेटी ठेवून पाहायला कोणाची हरकत असू नये. काही शाळांतून मुलांसाठी असे प्रयोग झाले आहेत.

मूल खोडरबर घेऊन आले तर

गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. भावावर सुमारे २५ रुपयांचे कर्ज होते, ते फेडायला. कर्ज फिटले, पण मन शांत होईना. तोंडाने सांगायचे धैर्य नव्हते, म्हणून चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत कबुली होती, शिक्षेची मागणी होती, पुन्हा न करण्याचे वचन होते. वडील आजारी, फळीवर पडलेले. ते उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि चिठ्ठी फाडून ते पुन्हा पडून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. वडील रागावतील, कपाळ बडवून घेतील, अशी मुलाची अपेक्षा होती.

सगळ्यांना करमचंद गांधी होता येत नाही. पण पाच-सात वर्षांच्या मुलाच्या खिशात दुकानातले खोडरबर सापडले तर काय करायचे ते आधी ठरवून ठेवता येते. ‘चोर’ हा शब्द वापरू नये. कॅमेरॉन यांच्या अभ्यासातल्या प्रौढांना तो शब्द सावरायला पुरला, पण सात वर्षांच्या मुलाला तो आयुष्यभर चिकटू शकतो. ‘हे दुकानातल्या काकांनी तुला दिले का?’ एवढेच विचारावे. उत्तर मुलाला माहीत असते. मग त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता, त्याच्याबरोबर दुकानात जावे. गर्दी नसेल अशी वेळ निवडावी. बोलायचे मुलाने, वाक्य घरीच ठरवून : ‘काका, हे मी न विचारता नेले होते.’ आपण शेजारी उभे राहावे, मध्ये बोलू नये. बहुतेक दुकानदार विरघळतात आणि म्हणतात, ‘राहू दे, ठेव तुझ्याकडे.’ त्यांचे आभार मानावेत आणि खोडरबर गल्ल्यावर ठेवून यावे. मुलाला ते हवेच असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच्या खाऊच्या पैशांतून, त्याच दुकानातून, त्याच्याच हाताने विकत आणू द्यावे.